जेकबाबादचे घोडदळ ठाणे
जेकबाबाद : उत्तर सिंधमधील (आता पाकिस्तान) ईस्ट इंडिया कंपनीचे सरहद्दी लष्करी ठाणे. मूळ नाव खानगढ. शिकारपूरच्या वायव्येस सुमारे ४० किमी.वरील या जागी कंपनीचा लष्करी अधिकारी जॉन जेकब (१८१२–५८) जानेवारी १८४७ मध्ये सिंध इर्रेग्युलर हॉर्स हे घोडदळ घेऊन आला, तेव्हा तेथे मातीची एक गढी आणि थोडी दुकाने एवढेच होते. उत्तरेला कच्छीचे (बलुचिस्तानातील प्रदेश; गुजरातचा कच्छ नव्हे) सपाट, निर्जल मैदान पसरलेले. उन्हाळ्यात पारा ५० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातो. मैदानापलीकडच्या डोंगरांतून बुगटी, तर खुद्द कच्छीतून डोमकी व जखरानी टोळ्या सिंधच्या खेड्यांवर धाड घालून गुरे हाकून नेत.

१८४३ मध्ये सिंध खालसा झाला, तरी पहिली चार वर्षे फौज गढ्यांच्या आतच बसून राहिली. धाडीची वर्दी येऊन, घोड्यांवर खोगीर चढवून तुकडी दरवाज्याबाहेर पडेपर्यंत लुटारू दूर गेलेले असत. जेकबने ही रीतच मोडली. आघाडीच्या तुकड्यांना तट-खंदक बांधण्याची मनाई झाली. तळ उघड्या मैदानात, गस्त रात्रंदिवस आणि वर्दी मिळताच पाठलाग. यामागचा हिशेब भूगोलाचा होता. लुटीची गुरे बिनपाण्याच्या मैदानातून भरभर हाकता येत नाहीत, आणि परतणाऱ्या टोळीची घोडी आधीच दमलेली असतात. ताज्या घोड्यावरचा स्वार त्यांना डोंगराच्या तोंडाशी पोहोचण्याआधी गाठू शकतो. १ ऑक्टोबर १८४७ रोजी लेफ्टनंट मेरेवेदरच्या १३३ स्वारांनी सुमारे सातशे बुगट्यांच्या टोळीला मैदानात असेच गाठले. टोळीतले बहुतेक मारले गेले, उरलेले पकडले गेले. त्यानंतर मोठ्या धाडींना आळा बसला.

हे घोडदळ मुंबई सैन्याचे आणि शिलेदारी पद्धतीचे होते. मराठी वाचकाला ही पद्धत ओळखीची आहे : शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करतो. सिंधमध्ये स्वाराला दरमहा ३० रुपये मिळत. घोडा, खोगीर, हत्यार, पोशाख, दाणावैरण सारे त्यातूनच. सरकारला हे स्वस्त पडे आणि फौज सामानाच्या काफिल्यावाचून निघू शके. दुखणे मात्र त्यातच होते. घोडा मेला की स्वाराची रोजी धोक्यात, म्हणून कर्जबाजारी शिलेदार लढाईत घोडा पुढे घालायला कचरतो. शिवाय एकाच धनिकाकडे अनेक असाम्या (घोड्यासह स्वाराच्या जागा) साचल्या की बारगीर त्याचाच मिंधा होतो. म्हणूनच शिलेदारी रिसाल्यांत मेलेल्या घोड्यांसाठी सामाईक वर्गणीचा निधी ठेवीत. जेकबच्या घोडदळाच्या दोन रेजिमेंट मिळून सुमारे सोळाशे स्वार होते आणि युरोपीय अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रोजचा कारभार रिसालदार म्हणजे घोडदळाचे देशी अधिकारीच पाहत.

लढाईपेक्षा पुढची व्यवस्था अधिक टिकली. सरहद्दीवर परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास बंदी झाली आणि सूड म्हणून घातलेली धाडही गुन्हाच ठरली, मग ती सरकारी प्रजेने डोंगरी टोळीवर घातलेली का असेना. वसवलेल्या जखरानी व डोमकींना कालवे खणण्याच्या व शेतीच्या कामाला लावले. बेगारी कालवा वाढवल्याने ज्वारीचे पीक वाढले. १८५१ मध्ये गावाला जेकबाबाद हे नाव मिळाले. १८५४ च्या तहाने बलुचिस्तानातील कलात संस्थानाच्या खानाने आपल्या टोळ्या आवरण्याचे कबूल केले, त्याबदल्यात त्याला वार्षिक ५०,००० रुपये ठरले. खानाची सत्ता टोळ्यांवर नावापुरतीच असल्याने हे कलम लंगडेच राहिले.

पंजाबच्या सरहद्दीवर गढ्यांच्या रांगेचाच आधार घेतला जाई आणि त्यावरून जेकबचे पंजाबच्या अधिकाऱ्यांशी खटके उडत. त्याची पद्धत सपाट मैदानापुरती खरी होती. पेशावरकडच्या खिंडींत पाठलागाला मोकळी जमीनच नाही. डिसेंबर १८५८ मध्ये त्याचे जेकबाबादेत निधन झाले. १८७६ नंतर ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट सँडेमन याच्या धोरणामुळे सरहद्द क्वेट्ट्यापर्यंत सरकली, आणि जानेवारी १८८० मध्ये रुक–सिबी रेल्वे जेकबाबादवरून सुरू झाल्यावर हे ठाणे पिछाडीला पडले. जेकबच्या घोडदळाच्या वारस रेजिमेंटा १९२१ मध्ये एकत्र होऊन सिंध हॉर्स झाली. १९४७ नंतर ती भारतीय सैन्यात आली आणि आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे.