उटीच्या आभाळात 130 कोटी व्होल्ट

गडगडाटी ढगात नेमके किती व्होल्ट असतात? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर मिळवणं महाकठीण. बलून किंवा विमान ढगात शिरलं तरी त्याला एका वेळी एकाच जागेचं विद्युत क्षेत्र मोजता येतं. ढग मात्र कित्येक किलोमीटर पसरलेला, सतत सरकणारा आणि मिनिटामिनिटाला बदलणारा. बलूनवरच्या उपकरणांतून हाती आलेला सर्वांत मोठा आकडा सुमारे 13 कोटी व्होल्टचा होता. 2019 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, सुनील गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दहापट आकडा जगासमोर ठेवला: 130 कोटी व्होल्ट. विशेष म्हणजे त्यासाठी ढगात काहीही पाठवावं लागलं नाही. मोजणी केली ती अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या मदतीने.

विश्वकिरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रकं. आपल्या दीर्घिकेतल्या बहुतेक विश्वकिरणांना एवढी ऊर्जा ताऱ्यांच्या महास्फोटांनंतर उरलेल्या अवशेषांत मिळत असावी, असं मानलं जातं. ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून कणांचा वर्षाव होतो. या वर्षावातला आपल्या कामाचा कण म्हणजे म्यूऑन. हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण वस्तुमान सुमारे 207 पट. त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो, आणि म्यूऑन तर दहा-पंधरा किलोमीटर वर जन्मतो. तरी तो जमिनीपर्यंत पोहोचतो, कारण प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या कणाचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं. अशा कणांच्या क्षयातून सापेक्षतेचा हा परिणाम थेट पडताळता येईल, हे होमी भाभांनी 1938 मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेने म्यूऑन मोजता मोजता वादळाचा ठाव घ्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे काम चालतं तमिळनाडूत उटीला, समुद्रसपाटीपासून सुमारे 2200 मीटर उंचीवर, ग्रेप्स-3 या प्रयोगात. तिथला म्यूऑन शोधक म्हणजे पोलादी नळ्यांची प्रचंड रचना. एकेक नळी सहा मीटर लांब, तिचा छेद दहा सेंटीमीटर बाजूचा चौरस, आत आरगॉन आणि मिथेन वायू, आणि मधोमध टंगस्टनची बारीक तार. म्यूऑन नळीतून आरपार गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात आणि तिथे विद्युत स्पंद उमटतो. अशा 3712 नळ्या एकावर एक चार थरांत मांडल्या आहेत, आणि एका थरातल्या नळ्यांना पुढच्या थरातल्या नळ्या काटकोनात, त्यामुळे म्यूऑन कोणत्या दिशेने आला तेही कळतं. वर सुमारे दोन मीटर जाडीचं काँक्रीट. वर्षावातले इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण त्यातच अडकतात, आणि पुरेशी ऊर्जा असलेले म्यूऑनच खाली उतरतात. हा शोधक दिवसाला सुमारे 400 कोटी म्यूऑन टिपतो.

आकडा एवढा मोठा असल्यामुळेच वादळाची खूण दिसते. म्यूऑन धनभारित असतात तसेच ऋणभारितही. ढगातलं विद्युत क्षेत्र एकाला पुढे ढकलतं, तर दुसऱ्याला मागे खेचतं. दोन्हींची संख्या सारखी असती तर हा परिणाम बराचसा एकमेकांत जिरून गेला असता. पण विश्वकिरणांतल्या बहुतेक केंद्रकांवर धनभार असल्याने धन म्यूऑन थोडे जास्त निघतात. त्यांची ऊर्जा घटली की जेमतेम पुरेशी ऊर्जा असलेले काठावरचे म्यूऑन काँक्रीट भेदू शकत नाहीत आणि एकूण मोजणी किंचित खाली येते. किती व्होल्टला मोजणी किती घटेल, हे संगणकावर वर्षावांचं अनुकरण करून काढता येतं.

एप्रिल 2011 ते डिसेंबर 2014 या काळातली 184 वादळं गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तपासली. त्यात 1 डिसेंबर 2014 चं वादळ सगळ्यांत वेगळं निघालं. ती घटना 18 मिनिटं चालली आणि म्यूऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. शोधक आकाश 169 दिशांत विभागून पाहतो, त्यांतल्या 58 दिशांत ही घट दिसली. जमिनीवर काही किलोमीटर अंतराने बसवलेल्या चार विद्युत क्षेत्रमापकांच्या नोंदींतून ढगाचा वेगही कळला, मिनिटाला सुमारे एक किलोमीटर. त्यावरून हिशेब लागला: ढग सुमारे 11.4 किलोमीटर उंचीवर आणि 380 चौरस किलोमीटरवर पसरलेला, सहा मिनिटांत कमाल विभवापर्यंत, म्हणजे व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत दाबापर्यंत, चढलेला. एवढा भार एवढ्या वेळात साठवायला निदान दोन गिगावॅट शक्ती लागते. एखाद्या मोठ्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता साधारण एवढी असते.

ढगांमध्ये शंभर कोटी व्होल्टपर्यंत विभव असू शकेल, असा अंदाज सी. टी. आर. विल्सन यांनी 1920 च्या दशकातच बांधला होता. भारित कणांचे मार्ग दाखवणाऱ्या मेघकोठीच्या शोधासाठी 1927 चं नोबेल मिळवणारे हेच ते विल्सन. त्यांच्या अंदाजाला पुरावा मिळायला जवळपास नव्वद वर्षं लागली. दरम्यान 1994 साली आणखी एक कोडं समोर आलं. दूरच्या खगोलीय स्फोटांसाठी पाठवलेल्या कॉम्प्टन उपग्रहाला पृथ्वीकडूनच, गडगडाटी ढगांच्या दिशेने, मिलिसेकंदभराचे गॅमा किरणांचे लखलखाट आढळले. अशा काही लखलखाटांतल्या गॅमा किरणांची ऊर्जा 10 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जाते (एक व्होल्टचा फरक ओलांडताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट), आणि तेवढी ऊर्जा द्यायची तर ढगात प्रचंड विभव हवं. उटीच्या मोजणीने ते निसर्गात खरोखर तयार होतं हे दाखवलं. एकेका इलेक्ट्रॉनला त्या विभवाचा केवढा वाटा मिळतो आणि लखलखाट नेमका कोणत्या क्षणी पेटतो, हा अभ्यास आता उपग्रहांच्या आणि जमिनीवरच्या नोंदी एकत्र ठेवून चालू आहे.