कुत्र्याची देहबोली

शेपूट, कान, डोळे, तोंड, अंगावरचे केस आणि उभं राहायची ढब यांतून कुत्रा जे सांगत असतो ती त्याची देहबोली. भुंकणं आपल्या कानावर पडतं म्हणून तीच त्याची भाषा वाटते, पण तो बरंचसं न भुंकताच बोलतो. मराठीत शेपूट घालणं आणि गोंडा घोळणं हे वाक्प्रचार आहेतच, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी हे नीट बघितलं होतं.

सगळ्यात मोठा गैरसमज शेपटाचा. "अहो हलवतोय ना शेपूट, काही करणार नाही तो" हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज ऐकू येतं आणि ते निम्मंच खरं आहे. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा आतून हललेला आहे एवढंच, आनंदाने की रागाने ते बाकीचं अंग सांगतं. अंग सैल, कंबरेपासून मागचा सगळा भाग डुलतोय, तोंड अर्धवट उघडं, तर तो खरंच खूश आहे. शेपूट वर ताठ, टोक भराभर थरथरतंय, वजन पुढच्या पायांवर, तोंड घट्ट मिटलेलं आणि नजर रोखलेली, तर तिथून हळूच बाजूला व्हावं. त्यात जातीचाही घोळ असतो. गावठी कुत्र्याचं शेपूट मुळातच पाठीवर वळलेलं, पगचं तर जिलबीसारखं, कारवानी या सडपातळ शिकारी जातीचं लांब बारीक आणि एरवीही खालीच सोडलेलं, त्यामुळे कारवानी बघून "घाबरलाय बिचारा" म्हणण्यात अर्थ नाही. आपला कुत्रा निवांत असताना त्याचं शेपूट कुठे असतं ते आधी बघून ठेवायचं. शेपूट छाटलेल्या डॉबरमनचं तर अर्धं बोलणंच गेलेलं असतं.

२००७ साली इटलीतल्या संशोधकांनी ३० पाळीव कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात एक गंमत दिसली. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकायचं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मेंदूचे दोन भाग वेगवेगळ्या भावना हाताळतात असा त्याचा अर्थ लावला गेला. घरी नुसत्या डोळ्यांनी हे ओळखणं मात्र कठीणच.

चेहऱ्यावरच्या खुणा बारीक असतात आणि पटकन निसटतात. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणं, हे सगळं "मला अवघडल्यासारखं होतंय" असं सांगणं. लहान मुलाने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकलेले गोड फोटो असतात ना, त्यातले कुत्र्याचे डोळे एकदा नीट बघा.

आणि तो प्रसिद्ध अपराधी चेहरा! चप्पल फाडलीय, कान पाडलेत, नजर चुकवतोय, म्हणजे याला कळतंय सगळं असं आपण धरून चालतो. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासलं, तर तो चेहरा चुकीशी नाही, मालकाच्या ओरडण्याशी जोडलेला निघाला, काहीच न केलेले कुत्रेही ओरडा बसला की तसेच दिसत होते. ती कबुली नव्हे, "नका ना रागावू" एवढंच.

पोट वर करून लोळणं दोन तऱ्हेचं असतं. वळवळत, पाय सैल सोडून असेल तर खुशाल खाजवा. गोठल्यासारखा पडलाय, शेपूट पोटाशी दाबलंय, तर हात लावू नका. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि ढुंगण वर, हे खेळायचं आमंत्रण, त्यानंतरची झटापट आणि गुरगुर बहुतेक लटकीच.

खरं गुरगुरणं मात्र दाबू नये. ओरडून-मारून ते बंद केलं तर भीती तशीच राहते, फक्त सूचना मिळायची बंद होते आणि मग "काही न करता एकदम चावला" अशी तक्रार येते. दिवाळीत फटाके सुरू झाले की धाप लागणं, लाळ गळणं, पलंगाखाली शिरणं ही भीतीच, तिथून ओढून काढायचं नाही. एरवी प्रेमळ असलेला कुत्रा कंबरेला हात लावताच अंग आखडायला लागला तर स्वभाव बिघडला म्हणण्याआधी डॉक्टरकडे न्यावं, बरेचदा तिथे दुखत असतं.