पार्किन्सनच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? मराठवाड्यातल्या कुटुंबांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्राची माहिती

घरात पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा रुग्ण असला की कुणी ना कुणी सांगतंच: "अमक्या दवाखान्यात नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, चालू आहे, नाव घालून टाका." नाव जरूर घालावं. मात्र ट्रायलसाठी तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात भरायचा असा कुठलाच अर्ज नसतो. संशोधन करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं, तपासणी करून घ्यायची आणि संमतीपत्रावर सही करायची, एवढाच रस्ता आहे. इथं संमतीपत्र हाच अर्ज. त्यामुळे घरच्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच कागदावर घालवायला हवा.

ट्रायल खरी आहे का, हे आधी बघा

भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, हिच्या अखत्यारीतली ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलसाठी ही नोंद सक्तीची आहे. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. शोधाच्या चौकटीत आजाराचं इंग्रजी नाव टाकलं की यादी येते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो: आधी सीटीआरआय ही अक्षरं, मग वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे. तुम्हाला ट्रायलबद्दल सांगणाऱ्याला हा क्रमांक विचारा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर पुढं जाऊ नका.

नोंद उघडल्यावर तीन गोष्टी पाहा. भरती अजून चालू आहे का, कुठल्या गावातल्या कुठल्या दवाखान्यात आहे, आणि नीतिमत्ता समितीची, म्हणजे रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाली आहे का. नव्या औषधाची ट्रायल असेल तर भारताच्या औषध महानियंत्रकांची परवानगीही लागते आणि तीही नोंदीत दिसते. नव्या औषधांच्या मोठ्या ट्रायल बहुतेक मुंबई, पुणे, हैदराबादकडे असतात. नांदेड-लातूरच्या लोकांना हैदराबाद सोयीचं पडतं, बीड-जालन्याच्या लोकांना पुणे. पण या नोंदवहीत फक्त औषधंच नसतात. फिजिओथेरपी, योग, आयुर्वेद, वैद्यकीय महाविद्यालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध असंही बरंच काही असतं. म्हणून संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय महाविद्यालयांची नावं टाकूनही अधूनमधून शोधत राहावं. गावाजवळचा चालण्याच्या व्यायामाचा छोटा अभ्यास वयस्कर माणसाला दूरच्या मोठ्या ट्रायलपेक्षा जास्त झेपतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या, नावानं कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर ती ट्रायल नव्हे. पार्किन्सनवर स्टेम सेल हा आपल्याकडे मान्य झालेला नेहमीचा उपचार नाही. आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो फक्त संशोधन म्हणूनच करता येतो, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

पात्रता

प्रत्येक ट्रायलचे निकष वेगळे असतात, तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी विचारल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे आजार पार्किन्सनच आहे ना? हालचाल मंदावलेली असणं, आणि त्यासोबत थरथर किंवा स्नायूंचा ताठरपणा असणं, ही निदानाची मूळ लक्षणं. पण अशीच लक्षणं काही औषधांमुळेही दिसतात. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेली सिनॅरिझिन, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेली लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड यांनी पार्किन्सनसारखी अवस्था येऊ शकते. आपल्याकडे या गोळ्या सर्रास चालतात, म्हणून जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. अशा रुग्णाला ट्रायलमध्ये घेत नाहीत. खरं तर त्याला ट्रायलची गरजच नसते. डॉक्टरांनी ती गोळी बंद केल्यावर बऱ्याच जणांना हळूहळू आराम पडतो.

दुसरी गोष्ट, आजाराचा टप्पा. होएन आणि यार यांनी १९६७ साली आखलेल्या १ ते ५ या पायऱ्या आजही वापरतात. एकाच बाजूला त्रास म्हणजे १, आधाराशिवाय उभं राहता येत नाही किंवा अंथरुणाला खिळलेला म्हणजे ५. पाचव्या पायरीवरच्या रुग्णाला औषधाच्या ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत. काही ट्रायलना लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची मुख्य गोळी, अजून सुरूच न केलेले रुग्ण हवे असतात, तर काहींना ती गोळी घेत असूनही दिवसातून काही तास अंग आखडणारे. दुसऱ्या प्रकारात मागचे काही आठवडे गोळीचं प्रमाण बदललेलं नसावं अशी अट असते.

मेंदूत डीबीएसचं (मेंदूला विजेचे सौम्य संकेत देणारं) यंत्र बसवलेलं असणं, स्मृतिभ्रंश, भास होणं, गरोदरपण, नुकताच दुसऱ्या ट्रायलमध्ये घेतलेला भाग ही नकाराची नेहमीची कारणं. नकार आला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं मुळीच समजू नका. आणि पात्र ठरण्यासाठी स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. लेव्होडोपा एकदम तोडली तर तीव्र ताप येऊन, अंग लाकडासारखं होऊन जिवावर बेतू शकतं.

सोबत काय न्यायचं

आधार कार्ड किंवा वयाचा दुसरा पुरावा. निदान झाल्यापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखेनुसार लावलेल्या. एमआरआय झाला असेल तर अहवालासोबत फिल्मही. प्रवासखर्च खात्यावर जमा होणार असेल तर पासबुकाची झेरॉक्स. वारसाचं नाव, पत्ता आणि ओळखपत्र (ते का, हे पुढं येईल). उत्पन्नाचा दाखला सहसा मागत नाहीत, पण वार्षिक उत्पन्न फॉर्ममध्ये लिहावं लागतं.

याशिवाय एका कोऱ्या कागदावर सध्याची सगळी औषधं वेळेसह लिहा: सकाळी सातला अर्धी, अकराला एक, अशी. त्यात काढे-चूर्णंही आली पाहिजेत. विशेषतः खाजकुहिलीचं बी, म्हणजे कवचबीज. या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं. घरी दुधातून कवचबीज चालू आहे आणि डॉक्टरांना ते ठाऊकच नाही, असं झालं तर रुग्णाला मिळणाऱ्या औषधाचा हिशेब चुकतो आणि ट्रायलचे आकडेही.

संमतीपत्र: इथं घाई नको

औषधांच्या ट्रायलना २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. माहितीपत्रक आणि संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत हवं, असं हे नियम सांगतात. संभाजीनगरच्या उर्दू वाचणाऱ्या घरानं उर्दू प्रत मागावी, देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्यांनी तेलुगू. रुग्णाला वाचता येत नसेल तर सगळा मजकूर वाचून दाखवताना ट्रायलशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार हजर लागतो. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो.

पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, सही ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत मुंगीएवढी होते. बँकेत याचा मनस्ताप होतो, पण संमतीपत्रावर अंगठाही चालतो. सही जमत नाही म्हणून मुलानं परस्पर वडिलांची सही ठोकणं मात्र चूक आहे.

त्याच फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता असे रकाने असतात. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, हे त्या वारसाच्या रकान्यावरून ठरतं. तो रिकामा सोडू नका. भरलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत तुमच्या हातात मिळणं हा नियम आहे. सहीच्या आधी कोरी प्रत घरी आणा, दोन दिवस ठेवा, घरातल्या शिकलेल्या पोरीला-सुनेला वाचायला लावा. 'आत्ताच सही करा' म्हणणाऱ्याला शांतपणे 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणायचं.

वाचताना काय शोधायचं? प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, मिळण्याची शक्यता किती. चालू औषध सुरू राहणार की थांबणार. ट्रायल संपल्यावर नवं औषध मिळत राहील का. उदाहरण म्हणून साफिनामाइड घ्या. या औषधाच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये भारतातले रुग्ण होते आणि हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटचे डॉ. रूपम बोरगोहेन तिचे प्रमुख संशोधक होते. रुग्णांची लेव्होडोपा चालू ठेवून वर दोन मात्रांपैकी एक किंवा प्लासिबो दिलं गेलं, म्हणजे तिघांतल्या एकाच्या वाट्याला प्लासिबो. फायदा निघाला तो दिवसातला मोकळ्या हालचालीचा वेळ प्लासिबोपेक्षा साधारण अर्ध्या तासानं वाढण्याचा. आजार बरा झाला नाही. ज्याला कांबळं अंगावर ओढून घेता येत नाही, त्याला तो अर्धा तास किती मोठा असतो हे घरच्यांना कळतं. तरी सही करताना अपेक्षा एवढीच धरावी.

असा अर्धा तास मोजायला रुग्णाला डायरी देतात. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन असतात आणि प्रत्येकात एक खूण करायची: झोप, अंग आखडलेलं, हालचाल मोकळी, किंवा मोकळी पण अंग आपोआप वळवळतंय. ती ज्या त्या वेळी भरायची असते. रात्री आठला बसून दिवसभराच्या खुणा मारल्या तर सगळ्या कष्टांवर पाणी. घरातलं एक माणूस या कामाला बांधलेलं असावं. बऱ्याच ट्रायल असा सोबती असल्याशिवाय रुग्णाला घेतच नाहीत.

प्रवास आणि खर्च

ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णानं द्यायचे नसतात. प्रवासखर्च देता येतो. किती आणि कसा, ते संमतीपत्रात लिहिलेलं असतं. सोबत्याचं भाडं आणि मुक्कामाचा खर्च धरला आहे का, हे आधीच विचारा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ मधल्यांना आणि महिलांना अर्धं तिकीट आहे, पण परराज्यात जाताना ही सवलत हद्दीपर्यंतच धरा.

काही भेटींना रात्रीपासून गोळी न घेता सकाळी यायला सांगतात. बोटं आपटून दाखवा, मूठ उघडझाप करा, हात न टेकता खुर्चीतून उठा, चालून दाखवा, अशी तपासणी गोळीशिवाय करून मग गोळी देऊन पुन्हा करतात. अशा दिवशी किनवटहून पहाटेच्या गाडीनं ताठरलेल्या माणसाला एकट्यानं आणणं धोक्याचं आहे. आदल्या दिवशीच त्या गावी मुक्काम करा, आणि गोळी सोबत्याच्या खिशात ठेवा.

काही बिघडलं तर

ट्रायल चालू असताना इजा झाली, तर ती ट्रायलमुळे झालेली नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेल तोवर उपचार मोफत मिळतात. गंभीर घटना घडली की संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि नीतिमत्ता समितीला कळवायचं असतं. म्हणून रुग्ण पडून हाड मोडलं, गावातल्या दवाखान्यात भरती केलं, तरी ट्रायलच्या डॉक्टरांना लगेच फोन करा आणि डिस्चार्ज कार्ड जपा. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र नियमांतच आहे: ८ लाख रुपये ही आधाररक्कम, आणि वय व आजाराची जोखीम धरून ती कमी-जास्त होते.

डॉक्टर दाद देत नसतील तर नीतिमत्ता समितीकडे लेखी तक्रार करा. तिचा पत्ता आणि फोन माहितीपत्रकात असतो. आणि कधीही, कारण न सांगता ट्रायल सोडता येते; त्यामुळे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. सोडताना फक्त डॉक्टरांना विचारून गोळ्या टप्प्याटप्प्यानं बदलून घ्या.

दिव्यांग प्रमाणपत्राचा याच्याशी संबंध नाही, तरी बरेच जण विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. प्रमाणपत्राचा अर्ज यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर आधार, फोटो आणि उपचाराची कागदपत्रं जोडून करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. ट्रायलमध्ये असतानाही हा अर्ज करता येतो.