ओळ संपते तिथे वाचक हरवतो

केंब्रिज विद्यापीठाच्या नावाने फिरणारा एक जुना मजकूर अधूनमधून मोबाइलवर येतोच. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवा, मधली अक्षरं कशीही उलटीपालटी करा, मेंदू अख्खा शब्द एका दमात ओळखतो, असा त्याचा दावा. २००३ पासून तो जगभर फिरतो आहे आणि केंब्रिजमध्ये असं संशोधन झालेलंच नव्हतं. वाचनाचे अभ्यासक कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्रजी वाक्यांवर हे मोजून पाहिलं. मधली अक्षरं हलवली तर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटला, सुरुवातीची हलवली तर तब्बल ३६ टक्क्यांनी. म्हणजे वाचता येतं, पण रखडत.

मला या मजकुराचा राग येतो तो त्यातून पसरणाऱ्या समजुतीमुळे. वाचकाचा मेंदू सगळं सांभाळून घेतो, असं लिहिणाऱ्याला वाटू लागतं. मग इंटरनेटवर स्वतःचं पान मांडताना रंग, चित्रं आणि शीर्षक यांवर तासन्‌तास जातात. ओळ किती लांब आणि दोन ओळींत जागा किती, याकडे कुणी बघत नाही. वाचक दमतो तो नेमका तिथे. का, ते कळायला आधी डोळा वाचतो कसा हे बघायला हवं.

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. नखाएवढ्या, फार तर त्याहून किंचित मोठ्या जागेतलंच आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावर फोव्हिया नावाचा एक छोटा खळगा असतो, तिथेच बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीने बसलेल्या असतात. त्याच्या बाहेर स्पष्टता झपाट्याने कमी होते. अक्षरावरून आलेला प्रकाश त्या खळग्यावर पडल्याशिवाय बारीक अक्षर वाचता येत नाही. (डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवतो म्हणणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग म्हणूनच शुद्ध फसवणूक आहेत. मूल नाकाशेजारच्या फटीतून खाली बघत असतं. फट नीट बुजवा, वाचन बंद. पालकांनी भरमसाट फी भरून मुलांना खोटं बोलायला शिकवू नये.)

स्पष्ट दिसणारी जागा इतकी लहान, म्हणून डोळ्याला ती ओळीवरून पुढे न्यावी लागते. ती सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण तसं घडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत लामार यांनी पापणीला लावलेल्या नळीतून डोळ्याच्या हालचालींचा आवाज ऐकला आणि चक्क उड्या मोजल्या. तुम्हीही करून बघा. एक डोळा मिटा, त्या पापणीवर बोट अगदी हलकं टेकवा आणि दुसऱ्या डोळ्याने वाचा. बोटाखाली हिसके जाणवतील. या उडीला सॅकेड म्हणतात. वाचताना ती साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत संपते आणि मग डोळा सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद स्थिर राहतो. वाचन होतं ते या थांब्यांवर. उडी चालू असताना मेंदू दृष्टीची दारं जवळजवळ लावून घेतो. आरशात आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहा. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र दिसतील. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यात तुम्हालाही दिसतात, कारण तिथलं चित्र क्षणभर उशिरा येतं.

मला सगळ्यात आवडतो तो यापुढचा भाग. जॉर्ज मॅकॉन्की आणि रेनर यांनी १९७५ मध्ये संगणकाला जोडलेला एक प्रयोग केला. वाचकाची नजर जिथे असेल तिथे अक्षरांची एक खिडकी उघडी ठेवायची, तिच्याबाहेरच्या अक्षरांच्या जागी एक्स दाखवायचे आणि नजर हलली की खिडकीही हलवायची. खिडकी किती लहान केली की वाचन मंदावतं, हे त्यातून मोजता येतं. अशा प्रयोगांतून दिसलं की इंग्रजी वाचणारा नजरेच्या डावीकडे तीन-चारच अक्षरं वापरतो, उजवीकडे मात्र १४-१५. उजवीकडची लांबची अक्षरं नीट दिसत नाहीत, तरी पुढचा शब्द केवढा आहे, कशाने सुरू होतो, हे आधीच टिपलं जातं. डोळा तिथे पोचेपर्यंत त्या शब्दावरचं काही काम झालेलं असतं. छोटे, अपेक्षित शब्द तर डोळा थेट ओलांडून जातो.

हा उजवा कल डोळ्याच्या रचनेतून आला असेल का? नाही. १९८१ मध्ये हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्यांवर हाच प्रयोग झाला. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्याच माणसांची खिडकी हिब्रू वाचताना डावीकडे लांबली आणि इंग्रजी वाचताना उजवीकडे. लक्ष पुढच्या उडीच्या आधी त्या दिशेला जाऊन पोचतं, आणि दिशा ठरते लिपीवरून.

आता ओळीच्या टोकाशी या. इथे उजवीकडे काहीच नाही. पुढचा शब्द आहे तो पानाच्या दुसऱ्या कडेला, एक ओळ खाली. त्याची आगाऊ खबर मिळण्याची शक्यताच नाही. डोळा तिथवर लांब परतीची उडी घेतो, ती बऱ्याचदा थोडी तोकडी पडते आणि मग लगेच एक छोटी दुरुस्तीची उडी घ्यावी लागते. ओळीच्या पहिल्या शब्दावर डोळा जास्त वेळ थांबतो, कारण तो शब्द कोरा, न चाळलेला असतो. ओळ जितकी लांब तितकी ही उडी बेभरवशाची. कधी तीच ओळ पुन्हा वाचली जाते, कधी एक ओळ सुटते. ओळ फार आखूड केली तर उडी अचूक बसते, पण आगाऊ खबर दर तीन-चार शब्दांनी तुटते. मुद्रणाच्या धंद्यात ओळीला ४५ ते ७५ अक्षरांचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, तो या ओढाताणीतूनच.

हे आकडे रोमन अक्षरांचे. देवनागरीत काना बाजूला, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार डोक्यावर, उकार पायाशी. शिवाय ऱ्हस्व वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. अशा शब्दांना हिंदी वाचक जास्त वेळ घेतात, असं ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांना २००२ मधल्या प्रयोगांत आढळलं. वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुलभता निकष एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवायला सांगतात. मराठीसाठी मी त्याहून थोडं जास्तच ठेवेन. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला भिडतो, आणि परतीची उडी घेणाऱ्या डोळ्याला दोन ओळींमधली पांढरी पट्टीच सापडत नाही. अक्षरही रोमनपेक्षा एक-दोन मापं मोठं हवं. फिकट करड्या अक्षरांचा सोस तर सोडूनच द्यावा. त्याच निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ सांगितलं आहे.

एकेक शब्द पडद्याच्या मध्यावर झळकवून वेग वाढवणारी ॲप मध्यंतरी गाजली. उड्याच नकोत, हा त्यांचा युक्तिवाद. पण वाचताना डोळा दहापंधरा टक्के वेळा मागेही जातो, आणि तो अर्थ लावण्यासाठी. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर आणि सहकाऱ्यांनी वाचलेले शब्द लगेच झाकून टाकले, तेव्हा वाचकांचं आकलन घसरलं. वाचकाला मागे जायला मोकळीक हवी, आणि मागे गेल्यावर जागा चटकन सापडायला हवी. परिच्छेद सुटे हवेत ते यासाठी.

आपल्याकडे भावपूर्ण मजकूर मध्यावर जुळवण्याची फार आवड. चार ओळींच्या कवितेला ते शोभतं. दहा ओळींच्या परिच्छेदात मात्र प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी सुरू होते, आणि दर परतीच्या उडीला डोळ्याला नवं लक्ष्य शोधावं लागतं. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही मोबाइलवर महागात पडतो. मराठी शब्द लांब, अरुंद पडद्यावर ते सहसा तोडले जात नाहीत, त्यामुळे शब्दांमध्ये खिंडारं पडतात आणि आधी टिपायचा पुढचा शब्द नजरेच्या टप्प्याबाहेर जातो. डावी कड सरळ ठेवा, उजवी वेडीवाकडी राहू द्या.