शून्य पतंगांची रात्र

रात्री उडणारे पतंग, म्हणजे फुलपाखरांसारखे कीटक, मोजण्यासाठी जो प्रकाश सापळा लावतात, त्याची रचना साधी आहे. वर दिवा, खाली नरसाळं, त्याखाली डबा. डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतात, म्हणजे आत पडलेले पतंग खळग्यांत शांत बसतात. ऊन चढण्याआधी झाकण उघडायचं, एकेक ट्रे हलक्या हाताने उचलायचा, फोटो काढायचा, मोजायचं.

पतंगांना दिव्याची ओढ असते, असं आपण म्हणत आलो. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रणात वेगळंच दिसलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतो. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे एवढ्यावर त्याला वर-खाली कळतं. शेजारी दिवा आला की तो पाठ तिकडे वळवतो, कलतो आणि घिरट्या घालत राहतो. दिवा खाली असेल तर चक्क उलटा होऊन कोसळतो. ही ओढ नव्हे, फसगत आहे.

म्हणूनच डब्यातला आकडा म्हणजे बागेतल्या पतंगांची शिरगणती नव्हे. लख्ख चांदणं असेल, वारा सुटला असेल किंवा गारठा असेल, तर पतंग असूनही सापडत नाहीत. वहीत तारीख, तापमान, वारा, चंद्र आणि दिव्याचा प्रकार लिहायलाच हवा. जागा आणि दिवा शक्यतो बदलू नये. आणि एकही पतंग आला नाही, तर शून्य लिहावं. नवखे नोंदकर्ते नेमकं हेच गाळतात. मला ही सर्वांत मोठी चूक वाटते, कारण रिकाम्या रात्री वगळल्या की सरासरी फुगते आणि घट झाकली जाते.

ब्रिटनमध्ये रॉथॅमस्टेड संशोधन संस्थेच्या सापळ्यांचं जाळं १९६०च्या दशकापासून चालू आहे. त्यातले बरेच सापळे स्वयंसेवक सांभाळतात. तिथल्या मोठ्या आकाराच्या पतंगांची संख्या १९६८ ते २०१७ या काळात सुमारे ३३ टक्क्यांनी घटली, हे या रोजच्या नोंदींतून समजलं. एका रात्रीच्या दुर्मीळ पतंगाने हे कधीच कळलं नसतं.

पंखांवरून ओळख पटत नसेल तर अंदाजाने जातीचं नाव लिहू नये, कुळापर्यंतच थांबावं. मोजून झाल्यावर पतंगांना दाट झुडपात, सावलीत सोडावं, आणि तेही रोज वेगळ्या ठिकाणी. पक्ष्यांना जागा फार लवकर पाठ होते.