राजगृहातली कपाटे

दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधले, तेच मुळी पुस्तकांच्या सोयीने. या ग्रंथसंग्रहाचा विषय निघाला की आपण पुस्तकांच्या आकड्याने थक्क होतो आणि तिथेच थांबतो. ही कपाटे भरली कशी, ही हकिकत मला आकड्याहून मोठी वाटते.

सुरुवात परळच्या डबक चाळीतली. बाबासाहेबांचे वडील, निवृत्त सुभेदार रामजी यांना पेन्शन महिना ५० रुपये, राहायला एकच खोली. भिवाला, म्हणजे लहानग्या भीमरावांना, एखादे पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृ. अ. केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे २,००० जुनी पुस्तके जमवली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावे लागले. सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली आणि त्यातली बरीचशी पुस्तके गेली. त्यानंतर संग्रह पुन्हा उभा राहिला.

त्यात धर्मशास्त्रे आणि वेदवाङ्मय इतके का, याचे उत्तर शाळेत सापडते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. १९४६ मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीवर लिहिताना त्यांनी प्रस्तावनेत सरळ सांगितले, की आपण संस्कृतचे पंडित नाही, पण हे वाङ्मय इंग्रजी भाषांतरांत उपलब्ध आहे. शाळेने बंद केलेले दार त्यांनी स्वतःच्या पैशांनी उघडले.

संग्रहातला मोठा भाग पुढे मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजकडे गेला. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या लोकशाही आणि शिक्षणावरील ग्रंथाची त्यांची प्रत तिथलीच. पानोपानी रंगीत पेन्सिलीच्या खुणा. नेत्याचे कपाट पाहून त्याचे मन ओळखण्यात धोका असतो, कारण न वाचलेली पुस्तकेही फळीवर असतातच. पण इथे पुरावा छापील आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये त्या परिषदेसाठी लिहिलेले आपले भाषण स्वतःच छापले. त्यात समाजाने भूतकाळातले सगळेच ओझे जपून पुढच्या पिढीला द्यायचे नसते, हा याच ग्रंथातला विचार गुरूंचे नाव घेऊन उद्धृत केला आहे, आणि त्याचा रोख जातिव्यवस्थेवर आहे.