मांगूरच्या पोटातले कृमी : ५९ जातींच्या ८ कशा झाल्या

गुजरातेत किंवा महाराष्ट्रात आज कोणी गोड्या पाण्यातल्या माशांच्या परजीवींवर काम करायला घेतले, की सुरुवातीलाच त्याच्यापुढे दोन याद्या येतात. भारत आणि आग्नेय आशियातल्या मांगूर माशाच्या आतड्यात सापडणाऱ्या एका गटाच्या पट्टकृमींची ही गोष्ट. जुन्या नोंदी जोडत गेले तर या गटाच्या ५९ जाती भरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत त्यांतल्या ८ उरल्या आणि ५१ नावे त्या आठांत विलीन झाली. बडोद्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला विश्वामित्रीच्या काठच्या डबक्यातून आणलेल्या मांगूरच्या पोटात कृमी सापडला, तर त्याने कोणते नाव लिहायचे? हा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. बडोदा संस्थानाचे पाण्याकडे लक्ष होते ते पिण्यासाठी आणि शेतीसाठी. आजव्याचा तलाव १८९२ मध्ये पुरा झाला, डभोईजवळचा वढवाणा १९०९-१० मध्ये. परजीवींचा विषय संस्थानात आला तो समुद्राच्या वाटेने. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ तेव्हा बडोद्याकडे होते. तिथल्या किनाऱ्याची आणि मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करायला १९०५-०६ मध्ये सिलोनच्या मोत्यांवर काम केलेल्या एका इंग्रज जीवशास्त्रज्ञाला बोलावले गेले. शिंपल्यात शिरलेल्या पट्टकृमीच्या अळीभोवती मोती तयार होतो, असे त्या काळी सिलोनच्या अभ्यासातून मांडले गेले होते. पुढे बहुतेक मोत्यांच्या गाभ्यात अळी सापडेना आणि ते मत मागे पडले. गोड्या पाण्यातला परजीवी लोकांना माहीत होता तो नारू. वावेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्या उतरून लोक पाणी भरत आणि त्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाबरोबर नारूची अळी पोटात जाई. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. हाच सायक्लॉप्स आणि त्याचे भाऊबंद माशांतल्या काही पट्टकृमींचेही वाहक आहेत. नारूच्या मोहिमेत पाण्यातले हे बारीक जीव इतक्या बारकाईने तपासले गेले, पण माशांच्या अभ्यासाशी ते काम कधी जोडले गेले नाही, याची मला खंत वाटते.

माशांच्या कृमींचे भारतातले पद्धतशीर वर्णन १९२० च्या दशकात सुरू झाले. मांगूरमधला एक कृमी १९२५ मध्ये एका मराठी प्राणिशास्त्रज्ञाने नोंदवला. पुढच्याच वर्षी तो वेगळ्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या वरच्या गटात, हलवला गेला, पण त्याने दिलेले ‘इंडिकस’ हे नाव आजच्या आठांच्या यादीत टिकून आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण २०११ च्या फेरतपासणीवरच्या वादात ‘इथल्या लोकांचे काम मोडीत काढले’ असा सूर लागतो, आणि तो पूर्ण खरा नाही.

खरी गर्दी स्वातंत्र्यानंतरची. १९५७ मध्ये रोहू, कटला, मृगळ यांचे इंजेक्शन देऊन प्रजनन साधले आणि मत्स्यबीज गाडीत घालून देशभर नेता येऊ लागले. त्याच वर्षी कॉमन कार्पचे बँकॉकचे वाण आले, १९५९ मध्ये सिल्व्हर कार्प आणि गवत्या (ग्रास कार्प). या पाहुण्यांबरोबर त्यांचे परजीवीही जगभर फिरले. गवत्याबरोबर पसरलेला आशियाई पट्टकृमी आणि कार्पच्या अंगात नांगरासारखा रुतून बसणारा लर्निया ही त्याची ठळक उदाहरणे. तळ्यात मासे दाटीने ठेवले की आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, वाढते हे आज कोणताही मत्स्यशेतकरी सांगेल. महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राचे विभाग वाढले, तेव्हा हा विषय हाताशी होता. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. बाजारातला मासा, कात्री, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढे पुरते.

इथूनच ५९ चा आकडा वाढत गेला. मांगूरमधले हे कृमी इतर पट्टकृमींसारखे खंडाखंडांचे नसतात. सगळे शरीर एकसंध, जननेंद्रियांचा संचही एकच. आतडे चिरून मिठाच्या पाण्याच्या बशीत धरले की पांढुरके, दोऱ्यासारखे जीव आतड्याच्या अस्तराला डोके रोवून बसलेले दिसतात. सुटे केले की एखादा दुप्पट लांब होतो आणि लगेच आखडून जाडजूड होतो. आता हा जीव कसा मारायचा, यावर सगळे अवलंबून आहे. थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आखडलेल्या अवस्थेतच मरतो. जुनी सर्वसाधारण रीत म्हणजे दोन काचपट्ट्यांमध्ये धरून, वर दोरा गुंडाळून, दाबून चपटा करायचा, मग कारमाइन या लाल रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर गिरवू देणाऱ्या कॅमेरा ल्युसिडाखाली चित्र काढायचे. एकाच पिठाच्या लाट्या वेगवेगळ्या दाबाने लाटल्या तर पापड सारखे निघत नाहीत. इथेही डोक्याचा आकार, मानेची लांबी, बीजांडकोशाची ठेवण, वृषणांची दिसणारी संख्या, सगळे दाबाप्रमाणे बदलते. आणि नवी जात ठरत होती ती याच मोजमापांवर. परभणी, मराठवाडा अशी गावांची आणि प्रांतांची नावे कृमींना मिळाली, काही नावे गुरुजनांच्या सन्मानार्थ दिली गेली.

फेरतपासणी करणाऱ्यांनी पद्धत बदलली. जिवंत कृमी गरम फॉर्मॅलिनमध्ये मारले, म्हणजे ते ताणलेल्या, नैसर्गिक अवस्थेत राहतात. ताजे नमुने गोळा केले, मूळ नमुने जिथे मिळाले तिथे काढून पाहिले, जुने साहित्य ओळीने तपासले. निष्कर्ष कडक होता: ज्या फरकांवर नवी जात उभी केली होती, ते फरक एका जातीच्या वेगवेगळ्या कृमींत, कधी नुसत्या हाताळणीनेही दिसतात. शिवडा माशातल्या पट्टकृमींच्या एका प्रजातीचेही पुढे असेच झाले. तिथे चारच जाती टिकल्या.

माझे मत स्पष्ट आहे: निर्णय शास्त्राच्या दृष्टीने योग्य होता. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २००० पासून नव्या जातीचा मूळ नमुना कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहोत, हे वर्णनातच सांगावे लागते. त्याआधीही चांगल्या कामाची ती रीत होतीच. नमुना कपाटात कुलूपबंद असेल, किंवा प्राध्यापक निवृत्त होताना काचपट्ट्या रद्दीबरोबर गेल्या असतील, तर पुढच्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? तरीही एक रास्त मुद्दा उरतो. गोदावरी, तापी, मही, नर्मदा या प्रत्येक खोऱ्यातून पुरेसे ताजे नमुने तपासल्याशिवाय तिथे वेगळे काहीच नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. जनुकांच्या तुलनेने एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या निघाल्याची उदाहरणे परजीवींत भरपूर आहेत. पण हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेगळेपण सांगणाऱ्यावर येते. ५१ नावांतले एखादे परत येऊ शकेल, सगळी येणार नाहीत.

दोष एकट्यादुकट्याचा नाही. पीएच.डी. आणि बढती यांचे गणित शोधनिबंधांच्या संख्येवर बसवले, की नवी जात हा सर्वांत लवकर पिकणारा निबंध ठरतो. त्यात गेली ती माणसांची वर्षे. आणि माझ्या मते त्याहून मोठे नुकसान म्हणजे या निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदांत दडलेली माहिती. दर महिन्याला किती मासे उघडले, किती माशांत कृमी निघाले, पावसाळ्यात आकडा कसा हलला, हे अनेकांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. अडचण अशी की ‘प्रादुर्भाव’ या शब्दाखाली कोणी बाधित माशांची टक्केवारी दिली, तर कोणी एका माशातल्या कृमींची सरासरी. या संज्ञा १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये नीट आखून दिल्या गेल्या, पण जुन्या सवयी चालूच राहिल्या. मूळ नोंदवह्या उघडल्या तर हे आकडे आजही नव्याने मांडता येतील. जातीचे नाव बदलले तरी मोजलेले मासे तेवढेच राहतात.

हे आकडे हवेत ते पाण्याच्या तब्येतीसाठी. मांगूरमधल्या या कृमीची अंडी विष्ठेबरोबर गाळात पडतात. गाळातले बारीक लाल कृमी, ट्युबिफेक्स आणि त्याचे नातलग, ती गिळतात. मांगूर तळाशी चरताना ते कृमी खातो आणि चक्र पुरे होते. ट्युबिफेक्सला सांडपाण्याचा गाळ मानवतो; मांगूर वरची हवा घेऊ शकतो, म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. त्यामुळे या कृमीचे वाढते प्रमाण पाण्यात मैला मिसळत असल्याचे लक्षण असू शकते. वढवाण्यासारख्या पाणथळीत चित्र वेगळे: तिथे पाहावे ते पर्णकृमी, जे गोगलगायीतून माशात आणि माशातून बगळ्याच्या घशात किंवा पोटात जातात. ते तिथे विपुल असतील तर गोगलगाय, मासा आणि पक्षी ही साखळी शाबूत आहे. वढवाणा २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला तो पक्ष्यांमुळे. २०२४ च्या पुरानंतर विश्वामित्रीचा गाळ काढायचे काम झाले, तेव्हा चर्चा मगरी आणि कासवांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. उपसलेल्या गाळात काय जगत होते, याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आला नाही.

आता यजमानाचेच नाव बदलले आहे. भारतीय मांगूर आणि जावाचा मांगूर एक नव्हेत, असे २००८ मध्ये दाखवले गेले. आपला तो क्लॅरियस मागूर, आणि तो संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. २०११ च्या फेरतपासणीत मात्र क्लॅरियस बॅट्राकस हे जुनेच नाव आहे, त्यामुळे नोंदी जोडताना दोन्ही नावे शोधावी लागतात. उरलेल्या आठ जातींची जनुकीय तपासणी पश्चिम भारतातून करायची तर अल्कोहोलमध्ये ठेवलेले ताजे कृमी हवेत, कारण फॉर्मॅलिनमधले आणि रंगवलेले जुने नमुने त्या कामाला सहसा चालत नाहीत. ताज्या कृमींसाठी देशी मांगूर हवा. बंदी असूनही तळ्यांत वाढवला जाणारा आफ्रिकी मांगूर बाजारात त्याच नावाने खपतो, म्हणून मासा उघडण्याआधी तो कोणता आहे हे ठरवणे, हेच आता या कामातले पहिले पाऊल झाले आहे.